काढेवालीचं पाकीट

यंदा नैवेद्याचं भाजलेलं डुक्कर लहान आणलं होतं, आणि त्यावरूनच डोंगरावर पहिली ठिणगी पडली.

“बाबांना एवढंसं?” शुक-मान म्हणाली. “दादा, पिक्चरच्या मुहूर्तालाही असलंच पिल्लू आणणार का? कॅमेरा लाजेल.”

“मुहूर्ताला भलंमोठं आणीन. तू ये, पोटभर खा,” विंग-लोक म्हणाला. “पिक्चर माझा, डुक्कर तुझं.”

युक-चिंग नवऱ्याच्या कबरीपुढचं गवत उपटत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. सिउ-हंगला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तिन्ही वर्षं छिंगमिंगच्या दिवशी, अख्खं हाँगकाँग आपापल्या पितरांना जेवू घालायला डोंगर चढत असताना, मोक घराण्याची ही मुलं बापाच्या उशाशी भांडायला येत होती. विषय तोच. ‘काढेवाली’.

तो पिक्चर सिउ-हंगनं काढला तेव्हा विंग-लोक शाळेत जायला लागला होता, शुक-मान रांगत होती आणि धाकटी का-यी आईच्या पोटात होती. युक-चिंग त्यात काढेवाली झाली होती. गल्लीच्या तोंडाशी काढ्याचं दुकान, हप्ता मागायला येणारे गुंड. काढेवाली त्यांना आधी वाटीभर कडूजहर काढा पाजणार आणि मग बांबूच्या परांचीवरून खाली फेकणार. शेवटी ती मरते. लोकांनी हुंदके देत तिकिटं काढली. पैसे लावणाऱ्या शेठनं दुसऱ्याच दिवशी दुसरा भाग मागितला, तर सिउ-हंग शांतपणे म्हणाला, मेली ना ती, आता कुठून आणू?

ती मरणार हे युक-चिंगला चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी कळलं होतं. कारणही तिला ठाऊक होतं. दिवस गेलेल्या बायकोला शेठनं लगेच पुन्हा परांचीवर चढवू नये, म्हणून नवऱ्यानं काढेवालीचाच निकाल लावला होता. हे सगळं प्रेमानंच केलं, पण विचारून केलं नाही. मूल झालं की करू, एवढं शेठला सांगता आलं नसतं? पुढं युक-चिंगनं तीन मुलं वाढवली, टीव्हीवर चिक्कार खाष्ट सासवा केल्या, आणि काढेवालीचं नाव पुन्हा काढलं नाही. नवऱ्यानंही काढलं नाही. जाताना मात्र मुलांना बजावून गेला, काढेवालीला हात लावायचा असेल तर आईचा होकार हवा.

तो होकार मागायला दोघं तीन वर्षं तिच्या मागं लागली होती. विंग-लोकला दुसरा भाग काढायचा होता. शुक-मानला काढेवालीच्या तरुणपणाचा, आधीचा भाग करायचा होता. तू काम करशील का, असं मात्र दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं, आणि युक-चिंगला हवं होतं ते तेवढंच. पासष्टी उलटल्यावर, गुडघे कुरकुरत असताना, तिला पुन्हा काढेवाली व्हायचं होतं. पण आपण होऊन मागायचं? छे. न मागता मिळायला हवं, हा तिचा जन्माचा हट्ट होता.

तिच्या पर्समध्ये एक जुनं लाल पाकीट होतं. पडद्यावर कुणी मेलं की ‘कट’ म्हटल्याबरोबर त्या नटाच्या हातात लाल पाकीट ठेवायचं, आणि त्यानं ते पैसे घरी पोचायच्या आत उडवून टाकायचे, म्हणजे मरण बाहेरच्या बाहेर राहतं. धंद्यातला हा रिवाज कुणी मोडत नाही. युक-चिंगनं मोडला होता. नवऱ्यानं स्वतः हातात दिलेलं पाकीट तिनं उघडलंही नव्हतं. तुझं हे मरण मी घेतलं नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण ते तिनं फक्त संत्र्याच्या सुक्या सालींच्या डब्याला सांगितलं आणि पाकीट त्याच्या तळाशी सारलं. तीस-बत्तीस वर्षं ते तिथंच होतं. आज तिनं ठरवलं होतं, या वेळीही कुणी विचारलं नाही तर पाकीट त्याच्या कबरीशी जाळायचं आणि विषय संपवायचा.

पण जाळायला जागा तर हवी! पत्र्याच्या डब्यात विंग-लोकनं बापाला वर पोचावा म्हणून कागदाचा कॅमेरा जाळला, कागदाची खुर्ची जाळली, आणि वरून आपली संहिता घातली. ते बघून शुक-माननं पिशवीतून स्वतःची काढली.

“बाबा आधी माझी वाचतील,” ती म्हणाली.

“बाबांनी जन्मात पहिल्या पानापुढे काही वाचलं नाही,” का-यी म्हणाली. “वर तरी सुखानं राहू द्या की.”

दोन जाडजूड संहितांनी डबा तुंबला, धूर सगळा शेजारच्या कबरीवर गेला, तिथली म्हातारी खोकत शिव्या देऊ लागली. माफी मागता मागता सगळे डुकराचा खोका उचलून खाली उतरले. पाकीट पर्समध्येच राहिलं.

चहाघरात गोल टेबल मिळालं. का-यीनं पहिला चहा ओतून सगळ्यांच्या वाट्या, जेवायच्या काड्या त्यात खळखळून धुतल्या. आईच्या उजवीकडं विंग-लोक बसला, डावीकडं शुक-मान. आज दोघंही आईच्या वाटीत कोळंबीचे वाफवलेले हार-गाव वाढत होते. एरवी युक-चिंगला टेबलांमधून फिरणाऱ्या ढकलगाडीवरून स्वतः उचलावे लागत.

“आई, साधी गोष्ट आहे,” विंग-लोकनं सुरुवात केली. “लोकांना ओळखीचं हवं असतं. नव्या पिक्चरला माणूस दहा वेळा विचार करतो. काढेवाली म्हटलं की चाळिशीतला माणूस डोळे मिटून येईल.”

“डोळे मिटूनच बघावा लागेल,” शुक-मान म्हणाली. “दुसरा भाग म्हणजे लग्न झालेल्या मित्राच्या घरी पुन्हा राहायला जाणं. माणूस तोच असतो, मजा गेलेली असते.”

“माझ्याकडं बघत का म्हणताय वन्सं?” विंग-लोकची बायको पुई-शान म्हणाली. “गेली असेल तर ह्यांची गेली. मी आहे तशीच आहे.”

टेबलावर हशा पिकला. समोर बसलेला बिऊकाका सगळ्यांत मोठ्यानं हसला. सिउ-हंगच्या सगळ्या पिक्चरमधल्या मारामाऱ्या त्यानं बसवल्या होत्या, आणि दोन्ही कोपर मोडून घेतले होते. घरात त्याचा शब्द काकाचाच होता.

“आणि तू काय करणार?” विंग-लोक बहिणीकडं वळला. “ती काढेवाली कशी झाली, हे दाखवणार. अगं, ते पिक्चरमध्ये आहे! आई म्हणते, ‘काढा मला आजीनं शिकवला.’ संपलं. त्या एका वाक्याचे तू दोन तास करणार. त्यात पुन्हा ती शेवटी मरते हे शेंबड्या पोराला माहीत. मग तिचं लहानपण कोण कशाला बघेल?”

“आपण सगळे मरणार, हे माहीत असूनही आई दर नव्या वर्षाला आपले लहानपणचे फोटो काढून बसतेच की,” का-यी म्हणाली.

“मला वन्संचं पटायला लागलंय,” पुई-शान म्हणाली.

“घरभेदी!” विंग-लोक म्हणाला. “आणि का-यी, तू तर बोलूच नकोस. तू पोटात नसतीस तर काढेवाली मेलीच नसती. खून तुझ्यामुळं झालाय.”

“माझा पहिला गुन्हा. तेव्हापासून लोकांच्या दाढा काढत फिरतेय,” का-यी म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती.

“तरी मी म्हणते, पहिलं ते पहिलं,” शुक-मान हट्टानं म्हणाली. “जे जमून गेलं ते गेलं. त्याची सर पुढच्याला येत नाही. मागं जाऊन बघावं, पुढं ओढू नये.”

युक-चिंगनं चहाची किटली जवळ ओढली, पाणी हवंय या खुणेसाठी तिचं झाकण तिरकं करून ठेवलं आणि पाणीवाल्याकडं बघितलं.

“पहिल्या चहानं आपण काय केलं ग?”

“वाट्या धुतल्या,” शुक-मान म्हणाली.

“आणि प्यायलो कुठला?”

विंग-लोकनं टेबलावर थाप मारली. “ऐकलंस? आईनं निकाल दिला!”

“मी चहाचं बोलले,” युक-चिंग म्हणाली, पण तिला बरं वाटलं होतं. गाडी रुळावर आली होती. आता फक्त एकानं विचारायला हवं होतं.

“बरं, तुझ्या पिक्चरमध्ये काम कोण करणार?” का-यीनं भावाला विचारलं.

“काढेवालीची लेक हिरॉइन. आईनंतर दुकान ती चालवते. मुलगी बघून ठेवलीय, एकोणीस वर्षांची, गाते, परांचीवर माकडासारखी चढते. डाव्या भुवईवर तीळ आहे.”

शुक-मानच्या काड्या हवेतच थांबल्या. “डाव्या भुवईवर?”

“हो.”

“माझी तरुणपणची काढेवाली! मागच्या महिन्यात तिनं मला हो म्हटलंय.”

“मला परवा म्हणाली.”

“म्हणजे एकच पोरगी वहिनींची लेकही होणार आणि वहिनीही होणार,” बिऊकाका म्हणाला. “हुशार आहे. आपल्या धंद्यात टिकेल.”

दोघं एकमेकांवर ओरडायला लागली, तशी गाडी ढकलणारी बाई कोंबडीचे पाय ठेवायला विसरून तिथंच उभी राहिली. युक-चिंगनं पाय आपल्या हातानं उचलले, वाटीत ठेवले, आणि जणू मिठाबद्दल विचारावं तशा आवाजात विचारलं, “आणि काढेवाली?”

“कुठली?” विंग-लोक म्हणाला.

“मोठी. दुसऱ्या भागातली. लेक आहे तर आई असेल ना.”

“आहेस की तू! तुझ्याशिवाय कसं चालेल?” विंग-लोक उत्साहानं पुढं वाकला. युक-चिंगही पुढं सरकली. “तुझा फोटो! दुकानात, देव्हाऱ्याशेजारी, उदबत्तीमागं. चांगला मोठा. लेक रोज नमस्कार करते. तीन-चार प्रसंगांत दिसशील, आई! आणि रिवाजाप्रमाणं त्याचं लाल पाकीट मी स्वतः देईन तुला.”

बिऊकाकानं मान खाली घातली. पुई-शाननं टेबलाखाली नवऱ्याच्या पायावर पाय दिला, पण तो उशिरा दिला.

युक-चिंगला फार लागलं. बाप विचारल्याशिवाय मारून गेला, आता लेक विचारल्याशिवाय भिंतीवर टांगत होता, तोही हसत हसत, आईचा मान राखतोय अशा थाटात. तिनं पर्स उघडली आणि लाल पाकीट काढून डुकराच्या खोक्याशेजारी ठेवलं. रंग विटून विटेसारखा झाला होता, तोंड अजून चिकटलेलं होतं.

“आधीचं पाकीट खर्च व्हायचंय,” ती म्हणाली. “मग दुसरं दे.”

विंग-लोकला कळलं, तसा तो खुर्चीत मागं सरला. “आई! हे काढेवालीचं? तू ते घरात ठेवलंस? इतकी वर्षं?”

“मी मेलेच नव्हते. मग मरणाचे पैसे कशाला खर्चू?”

“म्हणजे धंद्याच्या हिशेबानं काढेवाली...” शुक-मान हळूच म्हणाली.

“जिवंत आहे,” का-यी म्हणाली. “सुटले मी!”

सगळे हसले, पण बिऊकाका हसला नाही. तो पाकिटाकडं बघत होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “तुम्ही हे उघडलंच नाही?”

“नाही.”

“कधीच? त्या दिवशी संध्याकाळीसुद्धा नाही?”

“सांगितलं ना, नाही. त्यात बघायचं काय?”

“अहो, मला वाटलं तुम्ही गाडीत बसल्या बसल्या उघडलं असेल! सगळे तसंच करतात. खर्चायचं असतं ना लगेच!” बिऊकाकानं कपाळावर हात मारला. “त्यालाही तेच वाटलं. वहिनी, त्यात पैसे नाहीत.”

“नाहीत?”

“व्यवस्थापक नोट घालत होता. सिउ-हंगनं त्याच्या हातातून पाकीट ओढून घेतलं. म्हणाला, माझ्या बायकोच्या पोटात पोर आहे, तिच्या हातात मी मरणाचे पैसे ठेवू? मग म्हणाला, पण काहीतरी द्यायला हवं, नाहीतर ती सगळ्यांसमोर माझी शोभा करील. मी तिथंच उभा होतो. दुकानाच्या सेटवरून त्यानं काहीतरी उचललं आणि आत घातलं.”

युक-चिंगनं पाकीट उचललं. बोटांना कुरकुर लागली. ही कुरकुर तिला ओळखीची होती, पण ती जुन्या नोटेची असेल असंच तिनं धरून ठेवलं होतं. तिनं तोंड फाडलं. आतून संत्र्याची सुकी साल निघाली, तीन पाकळ्यांची, काळी पडलेली. काढेवालीच्या काढ्यात शेवटी पडायची ती. सालींच्या डब्यात इतकी वर्षं ठेवलेल्या पाकिटाला सालीचा वास येणार यात नवल नव्हतं, म्हणून तिला कधी संशयही आला नव्हता.

“पैसे काय, जुने झाले की नुसते जुने होतात,” बिऊकाका म्हणाला. “पण ही साल ठेवली की मुरते, किंमत वाढते. हे तुम्हाला मी काय सांगणार. त्यालाही काढेवाली मारायची नव्हती, अशीच मुरत ठेवायची होती. त्याला वाटलं होतं, तुम्ही रात्री उघडाल, हसाल, नाहीतर भांडाल, आणि म्हणाल, कधी करायचा पुढचा. तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत.”

“तोही बोलला नाही!”

“तुम्ही उघडून गप्प बसलात असं त्याला वाटलं. मी मागं विचारलं होतं, करू या का काढेवाली? तर म्हणाला, चिंगनं मागितलं की करीन. तिनं तोंडानं मागू दे एकदा.”

“आणि मी त्यानं विचारायची वाट बघत बसले,” युक-चिंग म्हणाली.

तिला नवऱ्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त आठवण आली. एका घरात, एका बिछान्यावर, दोघं इतकी वर्षं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली होती, आणि मधे सालीचा डबा होता. मूर्ख म्हातारा. आणि ती काय कमी मूर्ख? परवा डॉक्टरानं गुडघ्यांबद्दल सांगितलेलं तिला आठवलं. आता आणखी तीस वर्षं रुसून बसायची सोय नव्हती. उजवीकडं मुलगा होता, डावीकडं मुलगी, आणि दोघंही नुसती पाकिटाकडं बघत होती. यांना आपण होऊन विचारायची अक्कल कुठून येणार? बाप तसला, आई असली.

“मला काढेवाली करायचीय,” ती म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. गाडीवालीनंही मान वळवली.

“फोटोत नाही. हाडामांसाची. परांचीवर चढणार नाही, खालून शिव्या देईन. ती तीळवाली पोरगी माझी लेक. विंग-लोक, पैसे तू बघ. शुक-मान, कॅमेऱ्यामागं तू. आणि शेवटी मला मारायचं नाही.”

“आई, मला तर आधीचा भाग...” शुक-मान म्हणाली आणि थांबली. तिचे डोळे भरले होते. “आई, तू आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही आधी का नाही विचारलंत?”

“पण आई, लोक विचारतील ना, मेलेली परत कशी आली?” विंग-लोक म्हणाला. धंदा त्याच्या रक्तातच होता. “जुळी बहीण दाखवायची का? आपल्याकडं मेलेल्याला जुळं निघतंच.”

“गरज नाही,” बिऊकाका म्हणाला. “जुना पिक्चर नीट बघ. वहिनी डोळे मिटतात, आणि मग नुसती गल्ली दिसते. शवपेटी नाही, फोटो नाही, अंत्ययात्रा नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, अरे, पेटी दाखव, लोक आणखी रडतील. तो दाखवेना.”

पाणीवाल्यानं तिरक्या झाकणाची किटली भरून दिली. युक-चिंगनं सालीची एक पाकळी मोडून आत टाकली. तिनं झाकण लावलं आणि किटलीवर तळवा ठेवून थोडा वेळ बसून राहिली. मग चहा ओतला. पहिली वाटी तिनं सिउ-हंगसाठी सोडलेल्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली, दुसरी बिऊकाकाला दिली. त्यानं दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानले आणि घोट घेतला.

“कसा झालाय?” पुई-शाननं विचारलं.

“कडू,” तो म्हणाला. “पण मुरलाय.”

उरलेल्या दोन पाकळ्या युक-चिंगनं पुन्हा लाल पाकिटात घातल्या, तोंड दुमडलं आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं.

“आता ते कशाला ठेवतेस?” विंग-लोकनं विचारलं.

“तिसऱ्या भागाला लागेल,” ती म्हणाली.